प्रेरणा मिळवण्यासाठी टपरीवर कसे बसावे

प्रथम जागा निवडावी. हिमालय, समुद्रकिनारा आणि लोणावळ्याचा बंगला टाळावा. तिथे आधीच पुष्कळ कवी बसून गेलेत, शिवाय भाडे पडते. कटिंग मिळणारी कुठलीही टपरी चालेल. बाकडे डुगडुगते असल्यास उत्तम, झोप लागत नाही.

पूर्वपीठिका म्हणून अरुण कोलटकरांचा दाखला द्यावा. मुंबईत काळा घोडा चौकात 'वेसाइड इन'मध्ये ते वर्षानुवर्षे बसत, बाहेरचा रस्ता बघत. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह २००४ साली आला. गंमत म्हणजे चौकाला ज्याच्यावरून नाव पडले तो घोडा, पाठीवरच्या एडवर्ड राजासकट, १९६५ सालीच भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला होता. तेव्हा प्रेरणास्थान जागेवर हजर असण्याची अट नाही. होतकरू मंडळी या दाखल्यातून बसणे तेवढे घेतात. 'वर्षानुवर्षे' हा शब्द त्यांना दिसत नाही.

वही भारीतली नसावी. तिचे पहिले पान खराब होईल या धास्तीने कित्येक प्रतिभा कोऱ्या राहिल्या आहेत. वाण्याच्या बिलाची पाठकोरी बाजू पुरते. मोबाइल पालथा ठेवावा. थोड्या वेळाने तो आपोआप उताणा झालेला आढळतो; या चमत्काराचा उलगडा अद्याप झालेला नाही.

आता मुख्य विधी: शेजारचे बोलणे ऐकणे. नजर रस्त्यावर, कान बाकड्यावर. रिक्षावाला सांगत असतो, "साडू बोलला, सोमवारी पैसे देतो. कुठल्या सोमवारी, ते नाय बोलला." हे तिथल्या तिथे टिपावे. घरी जाऊन लिहू म्हटले की साडू आठवतो, सोमवार निसटतो. मग आपण त्या जागी 'मानवी नात्यांतील अनिश्चितता' असे काहीतरी लिहून ठेवतो.

ज्यांच्या घरी जाते आहे त्यांनी टपरीवर येण्याची तसदी घेऊ नये. बहिणाबाई चौधरींना दळता-कांडता, शेतात राबताना गाणी सुचत. लिहिता येत नव्हते, म्हणून घरची माणसे टिपून घेत. पुस्तक निघाले त्यांच्यामागे, १९५२ साली. हल्ली जात्याच्या जागी मिक्सर आहे. त्याच्यापुढे ओवी सुचली तरी टिपणाऱ्याला ऐकू जायची नाही.

गर्दीच्या वेळी बाकडे अडवल्यास टपरीवाला फडके घेऊन येतो आणि बरोबर आपण बसलोय तिथेच पुसू लागतो. अशा वेळी आणखी एक कटिंग सांगावा. जोडीला क्रीमरोल घेतल्यास अर्ध्या तासाची मुदतवाढ मिळते.