दोन इंच फोम आणि एक दुपट्टा

साकोलीत हायवे आहे, एसटीचं आगार आहे, तहसील आहे; रेल्वे तेवढी नाही. गोंदिया-बल्लारशा लाइन जवळच्या सौंदडवरून परस्पर निघून जाते. त्यामुळे पुण्या-कोल्हापूरकडे निघालेल्या साकोलीकराचा रेल्वेप्रवास एसटीत सुरू होतो. आधी भंडारा, मग वरठी, म्हणजे रेल्वेच्या भाषेत भंडारा रोड. तिथं पोचेपर्यंत कंबरेचे टाके इतके ढिले झालेले असतात, की स्लीपरचा निळा बर्थ दिसला तरी गहिवरून येतं. लांबच्या प्रवासात आराम वाटावा म्हणून मी पहिला उपाय हाच सांगतो: डब्यात चढण्याआधी थोडे हाल काढून या.

आमची गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. सकाळी गोंदियाहून निघते, दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात. तेराशेहून जास्त किलोमीटर, आणि सगळे एकाच राज्यातले. एवढ्या वेळात इतर गाड्या तीन-चार राज्यं पालथी घालतात. हिला एक महाराष्ट्र पुरतो. चढताना आजूबाजूला 'का जी, कुठं चालले?' असतं, उतरताना 'सरका की पाव्हणं' होतं. मधल्या रात्री कुठंतरी हा बदल घडतो, पण तेव्हा सगळा डबा घोरत असतो.

आता बर्थविषयी. पाठ टेकण्यापूर्वी मधू दंडवत्यांना मनातल्या मनात नमस्कार करावा. पूर्वी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला नुसती लाकडी फळी असायची. 1977 मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम चढवला. अशा बर्थची गीतांजली एक्सप्रेस मुंबई-हावडा मार्गावर 26 डिसेंबर 1977 रोजी सुरू झाली. ती आमच्या भंडारा जिल्ह्यातूनच धावते. दोन इंच म्हणजे काय फार झालं, असं तरुण पोरं म्हणतात. ज्यांनी फळीवर पडून नागपूर-मुंबई केली आहे, त्यांच्या मणक्यांना विचारा. सरकारचं लक्ष आपल्या खिशाकडे नेहमीच असतं. पाठीकडे गेलेलं क्वचितच ऐकायला मिळतं.

फोम मिळाला, पण मधला बर्थ काही सुटला नाही. मधला बर्थ म्हणजे त्रिशंकू. तो साखळीला लटकेपर्यंत त्याचा मालक बेघर, आणि लटकल्यावर खालचा मालक मान मोडून बसलेला. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ नियमात आहे. म्हणून बरोबर दहाला मधला मालक उभा राहतो.

"का जी, लावायचा का?"

"जेवण होऊन जाऊ द्या ना जी."

मग सावकाश डबा उघडतो. तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, वर कांदा. मधल्या मालकालाही दोन पुऱ्या दिल्या जातात. एकदा पुरी खाल्ली की माणूस साखळीचं नाव काढत नाही. मी याला लाच म्हणणार नाही. पण साडेदहापर्यंत मांडवली होते, हे खरं.

सामानात उशी, चादर, कुलूप-साखळी काय हवी ती घ्या. आमच्याकडचा जाणता माणूस फक्त दुपट्टा घेतो. तोच सकाळी सीट धरतो, दुपारी खिडकीचं ऊन अडवतो, भुसावळच्या उकाड्यात वारा घालतो आणि रात्री घडी होऊन डोक्याखाली जातो. मनमाडनंतर थंडी वाजली की कानावर येतो. पहाटे त्यानंच तोंड पुसलं जातं. त्यात मधे कुठंतरी पुऱ्यांचं तेलही पुसलेलं असतं, हा बारकावा आपण सोडून देऊ.

झोपेचं म्हणाल, तर आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या माणसाला रात्र फारशी भीती घालत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की नाटकं उजाडेपर्यंत चालतात, आणि आमचा प्रेक्षक थंडीत जमिनीवर बसून ती शेवटच्या पडद्यापर्यंत बघतो. अशा माणसाला डब्यातलं भांडण म्हणजे फुकटचा प्रवेश. बाजूच्या खालच्या बर्थवर आरएसीचे दोन अनोळखी गृहस्थ गुडघ्याला गुडघे लावून बसले, की तो वरून मान काढून नीट ऐकू लागतो.

आणि पोतं. लेक पुण्याला दिलेली असली की बापाबरोबर चिन्नोरचं पोतं निघणारच. भंडाऱ्याच्या या तांदळाला जीआय मानांकन मिळालं आहे, पण लेकीला दुकानातला तांदूळ गोड लागणार नाही याची बापाला त्याआधीपासून खात्री होती. पोतं बर्थखाली मावत नाही, थोडं बाहेर डोकावतं. असेच एक काकाजी रात्रभर दर स्टेशनाला हात खाली सोडून ते चाचपत होते. दौंडच्या सुमाराला असाच हात खाली आला आणि पोत्यावर पाय टेकून बसलेल्या एका बिनतिकिटाच्या पाहुण्याच्या पोटरीवर पडला. काकाजींनी ती दोनदा दाबून पाहिली. पाहुणा ओरडला. काकाजी शांतपणे म्हणाले, "मले वाटलं पोतं फाटलं." नंतर पुण्यापर्यंत त्या खणात कोणी झोपलं नाही आणि कोणाचा कंटाळाही उरला नाही.

तर तिकीट काढताना वरचा बर्थ मागा. आठाच्या हिशोबात तीन आणि सहा हे आकडे शुभ. वर चहावाल्याचा धक्का लागत नाही, 'जरा टेकू का' म्हणणारे पोचत नाहीत आणि चपला पंख्याच्या जाळीवर डोळ्यांसमोर राहतात. पोतं सोबत असेल तर मात्र खालचाच घ्या, आणि पाय कोणाचे नि पोतं कुठवर, हे दिवे मालवण्याआधी शेजाऱ्यांशी ठरवून घ्या.