एपीआय रुसल्यास करावयाचे उपचार (माटुंगा आवृत्ती)

एपीआय म्हणजे काय हे समजावताना जगभर एकच उदाहरण देतात. तुम्ही गिऱ्हाईक, सर्व्हर म्हणजे आतला भटारखाना आणि एपीआय म्हणजे दोघांमधला वेटर. माटुंग्यात हे उदाहरण देऊ नये. इथल्या उडुपी हॉटेलातला वेटर पाण्याचा पेला आपटता आपटता एका दमात सगळे पदार्थ म्हणून दाखवतो, तुमचा ‘इडली’तला ‘इ’ तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो निघून गेलेला असतो, आणि येताना तुम्ही न मागितलेले, पण मनात असलेले जास्तीचे सांबारही आणतो. इतका तत्पर एपीआय आजवर कोणी लिहिलेला नाही. त्यामुळे व्हीजेटीआयच्या वसतिगृहात आणि फाइव्ह गार्डन्सच्या बाकांवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या मंडळींच्या अपेक्षा लहानपणापासूनच बिघडलेल्या आहेत. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी.

उदाहरणादाखल एक साधा प्रोग्रॅम घेऊ. त्याने रोज सकाळी हवामानाच्या सर्व्हरला पाऊस विचारायचा आणि किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी पाणी भरेल का, ते सांगायचे. म्हणजे छत्री घ्यायची की रजा, हे ठरवता येते. सर्व्हरशी थेट बोलण्याचे कष्ट आपण घेत नाही. त्यासाठी क्लायंट लायब्ररी असते. ती पत्ता घालते, आपली ओळख पटवणारी की जोडते, जेसन स्वरूपात आलेले उत्तर सोलून हातात ठेवते. मोठीच सोय. फक्त ती सर्व्हरचा निरोप स्वतःच्या शब्दांत सांगते. सर्व्हर म्हणतो, “तुमच्या कीची मुदत काल संपली.” लायब्ररी म्हणते, “काहीतरी चुकले.” पुढची सगळी दुखणी या एका सवयीतून निघतात.

उपचाराला बसण्यापूर्वी दोष कोणाचा हे ठरवून टाकावे. प्रचलित क्रम असा: इंटरनेटवाला, सर्व्हर, लायब्ररी, लायब्ररीची नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, आणि सर्वांत शेवटी आपण. क्रम मोडू नये. शेवटच्या नावापर्यंत पोहोचेतो जेवायची वेळ होते आणि जेवणानंतर बऱ्याचदा दोष आपोआप सापडतो.

प्रकार पहिला: काहीच होत नाही. पडदा शांत, पंखा गरगरतो आहे, प्रोग्रॅम चिंतनात. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ ही अतिशय लोकप्रिय लायब्ररी वापरत असाल तर घाबरू नये. ती फक्त वाट पाहते आहे. टाइमआउट सांगितला नाही, तर ती मुळी घड्याळच लावत नाही, आणि हे तिच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणूनच कोणी वाचलेले नाही. जोडणीला काही सेकंद, उत्तराला काही सेकंद अशा दोन वेगळ्या मुदती द्याव्यात. ब्राउझरमधल्या ‘फेच’ची खोड निराळी. सर्व्हरने ४०४ कळवले काय किंवा ५०० कळवले काय, फेचच्या दृष्टीने काम फत्ते: पत्र पोचले, उत्तर आले. उत्तरात नकार असला तर तो तुमचा घरगुती प्रश्न. म्हणून त्याने आणलेले पाकीट प्रत्येक वेळी उघडून आतला क्रमांक पाहावा.

प्रकार दुसरा: ४०१ आणि ४०३. या दोहोंत लोक फार घोळ करतात. ४०१ म्हणजे “तुम्ही कोण ते कळले नाही.” ४०३ म्हणजे “कळले, म्हणूनच नाही.” पहिल्यावर उपाय आहे. की चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा आली का, चाचणीची की खऱ्या सर्व्हरला दिली का, ते बघावे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे परवानगी मागणे. इंजिनियर लोक याला उपाय समजत नाहीत, त्यामुळे ते कीच पुन्हापुन्हा बदलत बसतात.

याच सदरात घड्याळाचा दोष येतो. सही केलेल्या मागणीवर वेळ लिहिलेली असते, आणि ती सर्व्हरच्या घड्याळाशी जुळावी लागते. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री साठवण १५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढे मागणी परत. आता जुन्या मुंबईकरांची पंचाईत बघा. १९०६ साली देशाला प्रमाणवेळ मिळाली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ सोडली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे अशी ही ‘बॉम्बे टाइम’ पालिकेने थेट १९५५ पर्यंत चालवली. त्या काळी एस-थ्री असती, तर मुंबईच्या घड्याळावर वेळ बघून भारतीय वेळ म्हणून सही केलेली झाडून सगळी मागणी नामंजूर झाली असती, आणि आपल्या लोकांनी सर्व्हरची घड्याळे चुकीची आहेत असा अर्ज केला असता.

प्रकार तिसरा, आणि इथे जरा बसून घ्यावे: गाव सापडत नाही, किंवा त्याहून वाईट, सापडते.

‘माटुंगा’ असे नकाशाच्या सर्व्हरला विचारले, की तो विचारात पडतो. मध्य रेल्वेवर माटुंगा, पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड, हार्बरला किंग्ज सर्कल. रेल्वेच्या लेखी एमटीएन, एमआरयू आणि केसीई. माटुंगा रोड हा रस्ता नाही, स्टेशन आहे. किंग्ज सर्कलच्या बागेचे नाव महेश्वरी उद्यान आहे, हे पाटीला आणि बसच्या कंडक्टरला माहीत आहे. पूर्वेचा पिनकोड ४०००१९, पश्चिमेला ४०००१६, म्हणजे माहीमचा. यांतले काहीही पाठवले तरी कोणते ना कोणते उत्तर येतेच. लायब्ररी त्यातले पहिले उचलून देते आणि उरलेल्यांचा उल्लेखही करत नाही.

शहाणे लोक म्हणून नावाऐवजी अक्षांश-रेखांश पाठवतात. माटुंगा साधारण १९.०३ उत्तर, ७२.८५ पूर्व. पण जिओजेसनच्या २०१६ च्या प्रमाणात रेखांश आधी लिहितात आणि कित्येक एपीआय अक्षांश आधी मागतात. आकड्यांची अदलाबदल झाली, की आपला माटुंगा उत्तर ध्रुववृत्त ओलांडून नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेला भर समुद्रात जाऊन बसतो. प्रोग्रॅम जुलै महिन्यात कमाल तापमान आठ अंश सांगू लागला, तर हे तपासावे. गांधी मार्केटला तेव्हा पाणी आहेच, पण आकडा निराळ्या समुद्राचा आहे.

आणि समजा गाव बरोबर लागले, क्रमांक २०० आला, शेजारी ‘ओके’ असा शेरा. आता खरी भीती बाळगावी. ४०४ निदान ओरडून सांगतो. २०० हसतमुखाने चुकीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देतो. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कुलाब्याच्या वेधशाळेत तो पाऊणशे मिलिमीटरही भरला नाही. एका शहरात, एका दिवसात. माटुंगा या दोहोंच्या मध्ये. प्रोग्रॅमने त्या दिवशी ‘मुंबई’ एवढेच विचारले असते, तर दोन्ही उत्तरे खरी होती, दोन्हीला २०० मिळाला असता, आणि एका उत्तरावर माणूस छत्री घेऊन दादरला निघाला असता.

त्यात ‘आज’ म्हणजे काय हाही प्रश्न आहेच. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजते. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो, त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. आपला दिवस मध्यरात्री. असे तीन ‘आज’ एका जेसनमध्ये नांदतात आणि लायब्ररी तिघांनाही एकाच तारखेच्या खोक्यात घालते. ज्याला पहाटे चारचा पाऊस कालच्या रकान्यात सापडला, त्याने लायब्ररीला शिव्या देण्याआधी वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर आहे का ते बघावे. असल्यास शिव्या जागतिक वेळेला द्याव्यात.

प्रकार चौथा: ४२९, म्हणजे फार वेळा विचारलेत. हा क्रमांक २०१२ साली प्रमाणात आला. माटुंगेकरांना तो रविवारी सकाळी हॉटेलाच्या दारात नाव लिहून उभे राहिल्यापासून ठाऊक आहे. तिथे दर मिनिटाला “आमचा नंबर?” विचारणाऱ्याचे काय होते, तेच इथे होते. सर्व्हर बहुधा सांगतोही, की इतक्या सेकंदांनी या. ‘रिट्राय-आफ्टर’ नावाची ती ओळ लायब्ररीने गिळलेली नाही ना, ते बघावे. ओळ नसेल तर थांबण्याची वेळ दर खेपेस दुप्पट करावी: एक सेकंद, दोन, चार, आठ. अकराव्या खेपेची वाट १०२४ सेकंदांची, म्हणजे सतरा मिनिटांची भरते आणि सगळी बेरीज चौतीस मिनिटांवर जाते. रविवारी एवढ्या वेळात टेबल मिळालेले असते. मात्र सगळ्यांनी हाच हिशेब केला तर सगळे पुन्हा एकाच क्षणी दारात येतील. म्हणून प्रत्येकाने आपल्या थांबण्यात थोडी मनमानी मिसळावी. याला जिटर म्हणतात.

पाचशेच्या घरातले क्रमांक सर्व्हरचे स्वतःचे आजारपण आहे. तिथे पुन्हा विचारणे योग्य, पण काय विचारतो आहोत त्याचे भान ठेवावे. पाऊस किती, हे दहादा विचारले तरी पाऊस वाढत नाही. पैसे मात्र दहादा पाठवले तर दहादा जातात. लायब्ररी आपणहून पुन्हा प्रयत्न करणारी असेल आणि तुम्ही तिला पैशाचे काम दिले असेल, तर प्रत्येक व्यवहाराला न बदलणारा एक खूणक्रमांक जोडावा, म्हणजे सर्व्हरला “हाच तो मघाचा” हे ओळखता येते.

मराठीचे दुखणे वेगळेच. ‘माटुंगा’ हे नाव माणूस मोजतो तर तीन अक्षरे, युनिकोडच्या हिशेबाने सात चिन्हे, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीनप्रमाणे एकवीस बाइट. कोणी वीस बाइटांचा रकाना ठेवला असेल, तर शेवटचा काना अर्धवट तुटतो आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उभा राहतो. सगळाच मजकूर टोप्या आणि शेपट्या लावलेल्या रोमन अक्षरांत आला, तर कोणीतरी मध्ये यूटीएफ-८ ला विंडोजची जुनी युरोपीय लिपी समजले आहे. मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकला आहे. डेटाबेस पुसून नव्याने भरू नये. भरणारे भेटतात.

एवढे करूनही गुण आला नाही, तर लायब्ररी बाजूला ठेवावी आणि कर्ल हे हत्यार काढावे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये ते या नावाने प्रसिद्ध केले आणि आजही ते जवळजवळ प्रत्येक यंत्रात सापडते. तीच मागणी कर्लने हाताने पाठवावी आणि सर्व्हर जे बोलेल ते शब्दशः वाचावे, मथळ्यांसकट. हा उपाय खरे तर सर्वांत आधी करायचा असतो. इथे तो अखेरीस दिला आहे, कारण आधी सांगितला असता तर वरचे काहीच कोणी वाचले नसते. कर्लला बरोबर उत्तर मिळाले तर दोष लायब्ररीचा किंवा तुमचा. तेही चुकले तर सर्व्हरचा किंवा तुमचा. ही मागणी आणि तिचे उत्तर मित्रांना दाखवताना मागणीतली की खोडावी. अन्यथा तुमच्या कोट्यात दुसऱ्याच गावाचा पाऊस मोजला जाऊ लागेल.

राहता राहिला ४१८. त्याच १९९८ च्या १ एप्रिलला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीची भांडी इंटरनेटवरून चालवण्याचे एक गमतीचे प्रमाण लिहिले. त्यानुसार चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितल्यास तिने ४१८ कळवायचे: मी किटली आहे. लोकांनी ते मनावर घेऊन खऱ्या लायब्रऱ्यांत घातले. २०१७ मध्ये ते काढून टाकण्याची सूचना झाली, तेव्हा इतका गलका झाला, की क्रमांक टिकून राहिला. फिल्टर कॉफीच्या या मुलुखात असली मागणी किटलीकडे जाण्याचा संभव कमी. तरीही ४१८ आलाच, तर हसण्यावारी नेऊ नये. नकोशा, सारख्या टोकणाऱ्या प्रोग्रॅमना परतवण्यासाठी काही सर्व्हर हा क्रमांक खरोखर वापरतात. अशा वेळी प्रकार चौथा पुन्हा वाचावा.