पाहुणे पंगतीला, भावकी रुसलेली

"जिभाऊ, नातू बूट घालून कुठं पळाला?"

"टर्फवर, नाना. तासाचे पैसे मोजायचे नि पाच-पाच जणांनी फुटबॉल खेळायचा. फुटसाल म्हणतो त्याला."

"अरे वा! त्याचीच केवढी मोठी लीग निघाली होती आपल्याकडं. प्रीमियर फुटसाल, जुलै २०१६. मुंबई, गोवा, कोची, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू असे सहा संघ, सामने चेन्नईत नि गोव्यात."

"आम्हाला कसं कळलं नाही हो?"

"तुम्ही कपाशीच्या निंदणीत असाल. पण माणसं ऐका! लीगचा अध्यक्ष पोर्तुगालचा फिगो. मुंबईकडून रायन गिग्ज, बंगळुरूकडून पॉल स्कोल्स, गोव्याकडून खुद्द रोनाल्डिन्हो. विराट कोहली जाहिरातीला, गाणं ए. आर. रहमानचं. रोनाल्डिन्होनं बंगळुरूला एकट्यानं पाच गोल ठोकले!"

"मग तर कप गोव्याचाच."

"कुठला! ब्राझीलमधून पॅरालिम्पिकच्या कामाचं बोलावणं आलं, गडी स्पर्धा अर्धी टाकून गेला. जागेवर काफूला आणला. कप मुंबईनं नेला, कोचीला पेनल्टीवर हरवून."

"मग एवढी थाटाची लीग आता दिसत कशी नाही?"

"ते सांगतो, जरा इकडं सरका. आपल्या फुटबॉल महासंघाची मान्यताच नव्हती! महासंघानं उघड सांगितलं, ही लीग आमची नाही. भावकीला न विचारता लग्न काढायचं, पाहुणे मात्र सातासमुद्रापारचे!"

"तरी पुढच्या वर्षी झाली असेल."

"झाली की, २०१७ मध्ये. संघांची नावं पार बदलली. मुंबई वॉरियर्स, दिल्ली ड्रॅगन्स, तेलुगु टायगर्स असली. रोनाल्डिन्हो या खेपेला दिल्लीकडं. फायनल थेट दुबईत नि पुन्हा मुंबईच जिंकली. तिसरा हंगाम मात्र काही उजाडला नाही."

"मला विचाराल तर नाना, लोक रोनाल्डिन्होला बघायला गेले. फुटसाल बघायला कोण गेलं?"

"तेच तर! दोन वर्षांत घरचा एक खेळाडू असा झाला नाही, ज्याचं नाव तुमच्या नातवाला पाठ आहे. पुढं महासंघानं २०२१ मध्ये स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा काढली, पहिली दिल्ली एफसीनं जिंकली."

"तिथं कोण? फिगो?"

"कुणी नाही. क्लब येतात, खेळतात, घरी जातात."

"म्हणजे टिकेल ती."

"टिकेल हो, पण बघणार कोण? तुम्ही आयपीएल लागली की भाकरीसुद्धा टीव्हीपुढं मागवता!"