रोड-टच

लातूर-नांदेडकडच्या जागेच्या जाहिरातीत 'रोड टच' हे दोन शब्द सगळ्यांत ठळक असतात. पाणी, शेजार, गटार यांची चौकशी नंतर. आधी रस्ता दाराला लागलेला हवा, मग भाव कितीही लागो. आमचं घर लातूरच्या औसा रोडवर आणि बहिणीचं नांदेडला, असंच एका वाहत्या रस्त्यावर. दोन्ही घरी कुणाला पत्ता विचारत यावं लागत नाही, ही मोठी मिजास. गॅलरीत उभं राहिलं की फुकटचा तमाशा वेगळाच: दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, क्लासला पळणारी पोरं, आणि कुणासाठी ते कुणालाच न कळणारे हॉर्न.

पण रस्ता दाराशी थांबत नाही. तो आत येतो, सोफ्यावर बसतो, टीव्हीवर चढतो, भिंतीवरच्या आजोबांच्या चष्म्यावर साचतो. आई सकाळी फर्निचर पुसते आणि दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. ही दिसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी, नाकातच अडकते. डिझेलच्या धुरातले अडीच मायक्रॉनचे कण मात्र केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असतात आणि थेट फुफ्फुसाच्या तळाशी मुक्कामाला जातात. सगळी वाहनं विजेवर आली तरी टायर आणि ब्रेक झिजून उडणारी भुकटी राहणारच.

२०१९ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. वर्षानुवर्षं हवेचं मानक न पाळू शकलेल्या शहरांची यादी निघाली आणि तीत लातूरचं नाव आलं. गुणवत्ता यादीत यायची लातूरला सवयच आहे. नांदेड त्या यादीत नाही, याचा आमच्या दाजींना फार अभिमान. मी लातूरहून गेलो की ते मुद्दाम गॅलरीत खुर्ची टाकतात आणि म्हणतात, "घ्या जरा मोकळी हवा." तेवढ्यात खालून रिक्षा जाते. मग आम्ही दोघंही आत येऊन खोकतो.

दाजींनी आधी झाडं आणली. झाडं घरातली हवा शुद्ध करतात, असा १९८९ च्या नासाच्या प्रयोगाचा मेसेज त्यांना कुणीतरी पाठवला होता. तो प्रयोग छोट्या बंद पेटीतला, आणि तोही रंग-पॉलिशातून निघणाऱ्या वायूंवरचा. धुळीशी त्याचा संबंध नाही. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला. खिडकी उघडून जेवढा वायू निघून जातो तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतात, गरज पडली तर १००० सुद्धा. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत शंभरावर कुंड्या. मग दाजींनी बसायचं गॅलरीत. मनीप्लांट आता फक्त शोभेला आहे, आणि धूळ धरायला.

नंतर हवा शुद्ध करणारं यंत्र आलं. हेपा गाळणीचं, चांगलं. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, यात खोट नाही. अडचण मराठवाड्याची आहे. आमच्याकडं दिवसा दार लावून घेतलं की शेजारी हाक मारून विचारतात, "काय वो, बरं नाही का?" दार सताड उघडं आणि यंत्र चालू. म्हणजे दाजी घर नव्हे, अख्खं नांदेड स्वच्छ करायला निघाले होते. आणि ताईनं तव्यावर ठेच्याच्या मिरच्या टाकल्या की यंत्राचा दिवा लालभडक होतो, ट्रक गेल्यावर होत नाही इतका. ताईला हा अपमान वाटतो. पण यंत्र खोटं बोलत नाही. ट्रक रस्त्यावर असतो, तवा घरात. डासांची कॉइल तर त्याहून वाईट. २००३ मध्ये चीन आणि मलेशियातल्या कॉइली तपासल्या, तेव्हा एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाले. रस्त्याला शिव्या घालत आपण रात्री दारं-खिडक्या लावतो आणि आत कॉइल पेटवतो.

जुन्या वाड्यांना ही अक्कल होती. रस्त्याकडं पाठ, जाड भिंत आणि एकच दरवाजा. आत ढेळज, मग चौक, चौकाभोवती खोल्या. चुलीचा धूर माळवदातल्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, वर जायचा. घर श्वास घ्यायचं ते आतल्या चौकातून. पण या आठवणीत फार रमू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच दगडमातीच्या भिंती आणि त्याच जड माळवदांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आम्ही स्लॅबची घरं बांधली ते बरोबरच केलं. फक्त वाड्याची भिंत सोडताना त्याची रस्त्याकडची पाठही सोडली आणि सगळ्या मोठ्या खिडक्या उत्साहानं डांबराकडं केल्या.

आता जे जमतं ते करतो. हिवाळ्यात रात्रीची गार हवा धूर जमिनीलगत दाबून ठेवते, म्हणून पहाटेच्या 'ताज्या हवे'साठी खिडक्या उघडायचं बंद केलं. दुपारी ऊन तापून हवा हलली की मागच्या बाजूच्या उघडतो. कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, तेव्हा तो रस्त्याकडच्या खिडकीतून काढून मागं नेला. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा पंखा लागला. फोडणी पडायच्या आधी तो सुरू करायचा असतो, ठसका लागल्यावर नाही.

केर झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं उत्तम, कारण कोरड्या झाडूनं धूळ जात नाही, फक्त जागा बदलते. हे मी आईला सांगितलं. १२ एप्रिल २०१६ ला, दुष्काळात, मिरजेहून रेल्वेनं ५ लाख लिटर पाणी लातुरात आलं, तो उन्हाळा तिनं याच घरात काढलाय. ती म्हणाली, "हवेसाठी पाणी घालवू व्हय?" शेवटी भाजी धुतलेल्या पाण्यात फडकं बुचकळायचं ठरलं. तहात दोघांचंही समाधान आहे.

तुम्ही नवीन घर बघायला जाल तेव्हा एजंट तुम्हाला आधी गॅलरीत नेईल. तुम्ही सरळ मागच्या खोलीत जा आणि तिथं उघडणारी खिडकी आहे का ते बघा. नसेल, तर त्या भावात निदान दोन लाख कमी करायला सांगा.