हयातीचा दाखला

कॅश काउंटरवर माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मधे एक काच आहे. ती बँकेने बसवली आहे, पैसे सरकवायला तिला खाली खाच आहे आणि डेड स्टॉक रजिस्टरात तिची रीतसर नोंद आहे. दुसरी काच माझी मी घरून आणते. ती कुणाला दिसत नाही, तिला खाच नाही, आणि ती माझ्या आणि माझ्याच हातांच्या मधे येऊन बसते.

डॉक्टर तिला डीपर्सनलायझेशन म्हणतात. डिसोसिएटिव्ह विकारांचं एक मोठं खानदान आहे. त्यातलं हे त्यातल्या त्यात अबोल, सोज्वळ माणूस. याच्या नादाने कुणी ओरडत नाही, पडत नाही, दुसऱ्या नावाने बोलत नाही. फक्त आपण आपल्यापासून हातभर मागे उभे राहून स्वतःकडे बघत बसतो. बोटं नोटा मोजताहेत ती माझी, टोकन पुकारणारा आवाजही माझाच, हे मला कळतं. पण शेजाऱ्यांच्या मुलाला पेढे वाटण्याइतके गुण मिळाले हे जसं कळावं तसं. कळतं, पोचत नाही. आणि हे सगळं 'जणू' आहे, खरं नाही, याचंही भान पूर्ण शाबूत असतं. वेड लागलेल्याला आपण वेडे आहोत हे कळत नाही म्हणतात. मला ती सवलत नाही.

नोकरी करताना याचा त्रास होत असेल ना, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. होतो, पण त्यांना वाटला तिथे नाही. कॅश दररोज जुळते. दोरा सोडणं, बंडल झटकणं, शंभराची नोट पाचशेच्या गड्डीतून बाजूला काढणं हे बोटांना पाठ आहे आणि त्यासाठी त्यांनी माझी कधी वाट पाहिलेली नाही. उलट एखाद्या सकाळी मी आत पुरेपूर हजर असते, मन मोजणीत घालते, आणि तेव्हाच बहात्तर की त्र्याहत्तर असा घोळ होतो. बँकेला माणसाचा जेवढा भाग लागतो तेवढा माझा रोज वेळेवर मस्टरवर सही करतो. उरलेल्या भागाची चौकशी त्यांनी नेमणूकपत्रातही केली नव्हती.

त्रास होतो तो बँकेच्या स्वभावाचा. जगातली इतर कुठलीही कचेरी माणसाला एवढ्या वेळा 'तू तूच का?' असं विचारत नसेल. सही जुळत नाही, पुन्हा करा. केवायसी झालेलं नाही, आधार आणा. फोटोत दाढी आहे, तुम्हाला नाही. तीस वर्षांपूर्वी खातं उघडताना केलेल्या सहीतल्या शेवटच्या फराट्यासाठी मी म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवते, आणि ते निमूटपणे स्वतःचीच नक्कल करत बसतात. काचेपलीकडून त्यांना मी खमकी कारकूनबाई दिसते. 'मॅडम, अहो मीच आहे,' म्हणतात. या वाक्याचा मला केवढा हेवा वाटतो, ते त्यांना काय सांगू!

नोव्हेंबरात तर कळस होतो. पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं दरवर्षी सिद्ध करायचं असतं. ऐंशीच्या पुढच्यांना सरकारने ऑक्टोबरपासूनची मुभा दिली आहे, कारण त्या वयात एक महिना म्हणजे काही थोडाथोडका काळ नव्हे. 2014पासून हे अंगठा टेकवूनही होतं. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा लावून सांगतं, ही व्यक्ती जुळत नाही. आजी अंगठा पदराला पुसतात, पुन्हा टेकवतात, मशीनकडे वाकून 'अरे, आहे की मी' म्हणतात. शेवटी कागदी फॉर्म निघतो. भरते मी, सही करतात साहेब. समोरची व्यक्ती हयात असून समक्ष हजर होती, असं मी बिनदिक्कत लिहून देते. लिहिणारी समक्ष हजर होती की नाही, यासाठी फॉर्मात रकाना नाही.

आपण हजर नसतानाही काम चोख करण्यात माझा आदर्श म्हणजे मिस्टर ब्राऊन. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ॲन्सेल बॉर्न नावाचे एक गृहस्थ होते, आधी सुतार, मग गावोगाव फिरणारे धर्मोपदेशक. जानेवारी 1887मध्ये त्यांनी जमिनीच्या व्यवहारासाठी बँकेतून 551 डॉलर काढले (कॅशियरने सही नक्कीच ताडून पाहिली असणार), घोड्यांच्या ट्रॅममध्ये बसले आणि नाहीसे झाले. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउन गावात ए. जे. ब्राऊन नावाच्या कुणा माणसाने छोटासा गाळा भाड्याने घेतला. वह्या-कागद, गोळ्या-चॉकलेटं, फळं असा माल भरला. माल संपला की फिलाडेल्फियाला जाऊन आणायचा, दुकानामागेच रांधायचं, तिथेच झोपायचं, रविवारी चर्च. माणूस शांत, व्यवहाराला चोख. 14 मार्चला पहाटे तो दचकून उठला, घरातल्या लोकांना हाका मारल्या आणि विचारू लागला, मी कुठे आहे? मी बॉर्न, आणि दुकानदारीतलं मला ओ की ठो कळत नाही. नातेवाइकांनी येऊन दुकान मोडीत काढलं. बॉर्नसाहेबांनी त्या गोळ्या-चॉकलेटांची अशी धास्ती घेतली की दुकानात पुन्हा पाऊल टाकायला ते तयार होईनात.

1890मध्ये विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने त्यांना संमोहनात घातलं, तर आतून ब्राऊन हजर! बॉर्न या माणसाबद्दल ऐकून आहे, म्हणाला, पण कधी भेटल्याचं आठवत नाही. समोर सौ. बॉर्न उभ्या केल्या, तर या बाईंना मी कधी पाहिलेलंच नाही, असं सांगून मोकळा. दोघांना एकत्र आणायची जेम्सने पुष्कळ खटपट केली, जमलं नाही.

मानसशास्त्राची पुस्तकं या प्रकरणात स्मृती कुठे गेली याची चर्चा करतात. मी बँकेतली आहे, मला दुसरंच दिसतं. सबंध 'मी' गहाळ असताना त्या माणसाने नव्या गावात, ओळखपाळख नसताना, एक नवा धंदा उभा केला, वेळच्या वेळी माल भरला आणि कुणाची तक्रार येऊ दिली नाही. कर्ज मागायला आला असता, तर आमच्या साहेबांनी बॉर्नपेक्षा ब्राऊनला आधी मंजूर केलं असतं.

सगळ्यांचं असं साधत नाही. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये बोर्दो शहरात आल्बेर दादा नावाचा एक गॅसफिटर होता. त्याचा आजार त्याला हातातल्या कामावरून उठवून चालायला लावायचा. शुद्धीवर यायचा तो भलत्याच गावात, एकदा तर थेट मॉस्कोपर्यंत. अशा माणसाला कुठला मुकादम ठेवणार? माझा आजार खुर्ची सोडत नाही, ही त्याची मेहेरबानी. याउलट जिनेव्हातले प्राध्यापक आमिएल. हे जवळजवळ माझ्याच जातकुळीचे. आपण आपल्या आयुष्याकडे पलीकडून बघतो आहोत, असं ते रोजनिशीत लिहीत राहिले. सुमारे सतरा हजार पानं भरली. आमच्या विकाराचं नाव ज्या शब्दावरून घेतलं गेलं, तो या रोजनिशीतलाच. आणि हे सगळं चालू असताना प्राध्यापकी 1849पासून 1881मध्ये वारले तोवर अखंड! व्याख्यानं म्हणे फार कोरडी व्हायची. होणारच. तरी पगार लागू होता.

कायद्याचं म्हणाल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजार आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही की खाली उतरवता येत नाही. कायदा चांगला आहे, मनापासून सांगते. फक्त आरक्षणासारख्या सवलतींना चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो, आणि मानसिक आजाराचे टक्के काढताना स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम अशा चार गोष्टी तपासतात. म्हणजे मी रोज मरतमरत कामावर येते, याचे माझेच गुण कापले जाणार. दाखला हवा तर नोकरी नीट करता कामा नये, आणि नोकरी नीट झाली नाही तर दाखल्याआधी मेमो हातात पडणार.

म्हणून साहेबांना सांगितलेलं नाही. सांगितलं ते फक्त शेजारच्या काउंटरवरच्या ताईंना, तेही त्यांनी खनपटीला बसून विचारलं तेव्हा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुटकेचा श्वास सोडला. 'असं होय! मला वाटलं, प्रमोशनची परीक्षा पास झाल्यापासून तुला शिष्टपणा आलाय.' तेव्हापासून माझी नजर थिजलेली दिसली की त्या पेपरवेट आपटतात, किंवा फ्रीजमधली बाटली माझ्या मनगटाला लावतात. थंड, जड, खडबडीत असं काही हाताला लागलं की माणूस परत येतो, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण त्यांची फी होती.

'हे तर आम्हालाही होतं गं,' असंही त्या म्हणतात. एरवी या वाक्याचा मला राग येतो. पण त्यांचं खोटं नाही. जागरण झालं, ताण वाढला की असं क्षणभर पुष्कळांना होतं. त्यांचं जातं, माझं मुक्कामाला असतं, एवढाच फरक. मार्चअखेरीस रात्री दहा वाजता बॅलन्स लागत नसताना आमच्या शाखेत जमिनीवर पाय असलेला एकही माणूस सापडणार नाही.

हल्ली मात्र ताईंनी याची सोय करून घेतली आहे. लग्नसराईत दुपारी दोनच्या सुमाराला पर्स उचलतात, माझ्या कानाशी येऊन 'आज मला तुझ्यासारखं होतंय' म्हणतात आणि हाफ डे टाकून खरेदीला जातात. त्यांच्या काउंटरची रांग माझ्याकडे वळते.