पेडल थंड जागी ठेवावे

ज्याला गिटार येत नाही त्याने निदान सामान तरी भारी ठेवावं, या तत्त्वावर माझं सगळं संगीत उभं आहे. त्यामुळे मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या मामांनी पुण्याच्या घराचा माळा आवरताना लंडनहून आणलेलं 'फझ फेस' हे गिटारचा आवाज फाडून गुरगुरता करणारं पेडल मला देऊ केलं, तेव्हा मी आधी चपला काढल्या आणि मगच ते हातात घेतलं.

1966 साली लंडनच्या आयव्हर आर्बिटरने हे पेडल बाजारात आणलं. माईक स्टँडचं गोल, जड बूड बघून त्याला हा आकार सुचला म्हणतात. वरच्या दोन खुंट्या म्हणजे डोळे आणि खाली हसरं तोंड. बीटल्सच्या ड्रमवरचा तो लांब शेपटीचा 'टी'सुद्धा याच माणसाच्या दुकानात जन्माला आला. (एकेकाला एका जन्मात किती सुचावं!) जिमी हेंड्रिक्स या पेडलावर पाय ठेवायचा. आता माझा पाय पडणार याची पेडलाला कुणकुण लागली असावी. कारण जानेवारीच्या सकाळी मामांकडे मस्त गुरगुरणारं ते पेडल मे महिन्यात नेरुळला माझ्या घरी पहिल्यांदा लावलं, तर 'फुर्र' करून गप्प झालं.

मी बॅटरी बदलली. वायर बदलली. गिटारही बदलून बघितली असती, पण ती आधीच बायकोला न सांगता घेतलेली होती. शेवटी खालचं झाकण उघडलं. आत चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर, दोन कंट्रोल आणि दोन ट्रान्झिस्टर. सगळे मिळून 11 भाग! शाळेत फिजिक्सला मला याहून बरे मार्क होते, तेव्हा हे आपल्या आवाक्यातलं आहे असं वाटलं.

मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला लावली तर सगळे आकडे उणे. पहिला अर्धा तास मीटर बिघडला असं समजून मी मीटरच उघडून बसलो. या पेडलात बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून आकडे उणे येणारच, हे मागाहून वाचलं. बायकोचं निदान त्याआधीच झालं होतं : "तू हात लावलायस म्हटल्यावर अधिक कुठून येणार?"

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत. माझ्याकडचा आकडा मात्र भलतीकडेच भटकत होता आणि ट्रान्झिस्टरला बोट लागलं की आणखी लांब पळत होता. हुशार माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी निकाल देऊन टाकला : ट्रान्झिस्टर गेले.

मूळचे ट्रान्झिस्टर एनकेटी 275. जर्मेनियमचे. जग केव्हाच सिलिकॉनवर गेलेलं असताना जर्मेनियम मागायला मी लॅमिंग्टन रोडला निघालो. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणून रजा टाकून मधल्या वारी. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की मी अर्धा शेर रॉकेल मागितलं असावं. "साहब, वो माल मेरे पिताजी बेचते थे." मग दया येऊन म्हणाला, "घर में पुराना रेडियो होगा ना? वो खोलो."

आणि ते खरं होतं! जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत एसी 128 हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर सर्रास असायचे. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ते बनवले, आणि हेच एसी 128 काही फझ फेसमध्येही बसवलेले आहेत. म्हणजे हेंड्रिक्सच्या वाद्यपरंपरेचा एक धागा थेट आमच्या माळ्यावर, बाबांच्या रेडिओत. ज्याच्यावर त्यांनी बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकलं, तो हा रेडिओ. अलीकडे तो नुसता खरखरायचा. "नीट करायला घेतोय," असं मी बाबांना सांगितलं. कुणाला नीट करायला, हे त्यांनी विचारलं नाही.

जर्मेनियमला सोल्डरचा चटका सोसत नाही, म्हणून पायाला धातूचा चिमटा लावायचा, म्हणजे उष्णता त्याच्यात जाते. बायकोचा भुवया कोरायचा चिमटा यासाठी फार उत्तम. रात्री उशिरा बेडरूममध्ये काम संपलं, तार छेडली आणि पेडल असं गरजलं की समोरच्या इमारतीत दिवे लागले. मी मामांना मेसेज टाकला : 'रिपेअर्ड.'

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये मित्राला ऐकवायला बसलो. फुर्र.

"बाबा," दहावीतली कन्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "रात्री एसी चालू होता ना?"

झालं. जर्मेनियम तापलं की त्याची गळती वाढते, दर दहा अंशांना साधारण दुप्पट, आणि सगळं गणित सरकतं. पुण्याची जानेवारी त्याला मानवली होती, आमच्या खाडीकाठचा घामट मे मानवत नव्हता. लंडनचे ते बिचारे जुने ट्रान्झिस्टर ठणठणीत होते. मी त्यांना उपटून प्लॅस्टिकच्या डबीत टाकलं होतं.

गरमीच्या दिवसांत वाजवण्याआधी लोक हे पेडल फ्रिजमध्ये ठेवतात, असं समजलं. मीही पिशवीत गुंडाळून ठेवलं. सासूबाईंनी गोल डबा पाहून श्रीखंड समजून उचललं आणि वजनाने दचकून सोडलं. फरशीचा एक टवका उडाला. पेडलाला काही झालं नाही. लंडनचं ओतीव काम.

त्या संध्याकाळी गार पेडल, गार खोली, दार बंद, असा सगळा जामानिमा करून मी वायर जोडली. अजून तारेला हात लावला नव्हता, तोच अँप्लिफायरमधून एक धीरगंभीर आवाज बोलू लागला. फझ पेडलाचा आवाज वाढवण्याचा हव्यास इतका, की लांब वायर अँटेना होते आणि जोरकस रेडिओ केंद्र आपोआप आत शिरतं. बातम्या चालू होत्या.

"झाला वाटतं रेडिओ!" बाबा हॉलमधून ओरडले. "जरा मोठा कर!"

मी डावी खुंटी वाढवली. उजवी फझची होती. ती फिरवली की बातम्या देणारे गृहस्थ अंगावर येत होते, म्हणून तिला हात लावला नाही.