ब्लॉक मोजले, बिल निघाले

प्रति,
मा. मुख्य अभियंता, पथ विभाग,
पुणे महानगरपालिका.

विषय : चालता न येणारे पदपथ वेळेत पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आधीच स्पष्ट करतो की हे तक्रारीचे पत्र नाही. तक्रारी आपल्याकडे रोज येतच असतील. मला आपली बाजू मांडायची आहे, कारण ती कोणीच मांडत नाही. लोक म्हणतात, पथ विभागाला रस्ते बांधता येत नाहीत. हा शुद्ध अन्याय आहे. आपल्याला जे बांधायला सांगितले जाते ते आपण चोख बांधता : चौरस मीटरने पेव्हिंग ब्लॉक, रनिंग मीटरने कर्बस्टोन, टनाने डांबर, नगाने चेंबरची झाकणे. कनिष्ठ अभियंता टेप लावतो, मोजमाप पुस्तकात आकडे चढतात, वरच्यांच्या सह्या होतात आणि मार्चअखेर बिल निघते. एखादी सत्तरीची बाई या चौकातून त्या चौकापर्यंत पदपथावरून खाली न उतरता जाऊ शकली का, असा रकाना त्या पुस्तकात नाही. जे कुणी मोजतच नाही ते बांधले नाही म्हणून अभियंत्याला बोल का लावायचा?

आपल्याला माहिती नसते, असेही कोणी म्हणू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या पुस्तिकेत पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा असावी, कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, असे स्पष्ट लिहिले आहे. पुण्याने तर २०१६मध्ये रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे केली आणि त्याच वर्षी पादचारी धोरणही मंजूर केले. कागदावरचे पुणे चालायला फार सुरेख शहर आहे. कागद आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त निविदा येते, आणि निविदेत धोरणाला दर नसतो.

एखाद्या सोसायटीच्या फाटकासमोरचा पदपथ पाहा. नियम असा की पदपथाची पातळी सलग राहावी आणि मोटारीने छोट्या उतारावरून वर चढून, हळू होऊन, पुन्हा खाली उतरावे. आपण नेमके उलटे करता : फाटक आले की पदपथच खाली बसवता, मोटारीच्या पोटाला धक्का लागू नये म्हणून. दर पंधरा-वीस पावलांवर एक फाटक, म्हणजे दर पंधरा-वीस पावलांवर एक उतरण आणि एक चढण. त्यात खाली बसलेल्या त्या तुकड्यात पावसाचे पाणी साचते, ते वेगळेच. मधल्या भागात महावितरणचा फीडर पिलर, झाडाचा कट्टा, जाहिरातीचा खांब आणि शेवटी, दुचाक्या वर चढू नयेत म्हणून, लोखंडी बोलार्ड. दुचाकी त्यातून वाट काढते. व्हीलचेअर आणि बाळाची ढकलगाडी अडकते. पण आता मोजमाप पाहा. वर असो की खाली, ब्लॉक तेवढेच बसले. कर्बस्टोन तर वळणामुळे थोडे जास्तच लागले. बिलाच्या दृष्टीने हा पदपथ निर्दोष आहे.

गतिरोधकाचेही तेच. १९८८च्या मानकात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने येणारे वाहन मणका न मोडता पार होते. आपल्याकडे एका रात्रीत डांबराचा जो आडवा उंचवटा उगवतो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. त्याने वेग कमी होतो हे खरे, रिक्षात बसलेल्या गरोदर बाईचा जीवही कमी होतो. डांबरीकरणात जुना थर खरवडून काढायचा असतो, पण खरवडण्यापेक्षा ओतणे सोपे. म्हणून थरावर थर चढत जातात, रस्ता उंच होतो, चेंबरची झाकणे आपोआप खड्डे बनतात, कर्ब गिळला जातो आणि पावसाळी गटाराची जाळी रस्त्याच्या उतारालाच सापडत नाही. टन मात्र भरले.

आता आपल्या वतीने नेहमी जे सांगितले जाते त्याकडे येतो. पहिले म्हणजे पाऊस. पुण्याचा पाऊस फार वाईट, डांबर आणि पाण्याचे हाडवैर, वगैरे. अडचण एवढीच की त्याच पावसात जंगली महाराज रस्ता टिकला. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला, आणि हमी संपून गेल्यावरही खड्डे न पडणारा रस्ता म्हणून तो कित्येक वर्षे गाजत राहिला. आपण याला चमत्कार म्हणतो आणि चमत्काराला नमस्कार करून मोकळे होतो. त्यात चमत्कार काही नव्हता. ज्याने बांधले त्याच्याच गळ्यात परिणाम बांधलेला होता. आज दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, निविदेत लिहिलेला असतोच, पण मध्ये कोणी एक चर खोदला की ठेकेदार हात वर करायला मोकळा. त्याच रस्त्याचे पदपथ अलीकडच्या वर्षांत रुंद झाले, बाके आणि मुलांची खेळणी आली, माणसे तिथे रेंगाळू लागली. म्हणजे करायचे ठरवले की आपल्याला येते, हा पुरावाही शहराच्या मधोमध आहे.

दुसरा बचाव जागेचा. रस्ते अरुंद, वाहने अमाप, पदपथ रुंद करायला जागा आणायची कुठून? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, कारण वाहने खरोखरच अमाप आहेत. पण रस्ता किती वाहने पुढे सोडतो हे त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. दोन मार्गिकांचा रस्ता मध्येच तीन मार्गिकांचा आणि पुढे पुन्हा दोनचा झाला, तर मधली जास्तीची रुंदी वाहतुकीच्या कामाची नसते. तिथे मोटारी उभ्या राहतात आणि पुढच्या तोंडाशी कोंडी होते. वाहनांना एकसारखी रुंदी द्या आणि उरलेली जागा पदपथ, झाडे, बसथांबा, पथारीवाले यांना द्या. बंगळुरूने टेंडरशुअर नावाखाली काही रस्त्यांवर हे केले आणि खालच्या वाहिन्यांसाठीही शिस्तीत जागा ठेवली. पथारीवाल्यांचे नाव निघताच 'अतिक्रमण' म्हणून हात झटकले जातात, पण २०१४च्या कायद्याने पथविक्रीच्या जागा ठरवायचे काम पालिकेवरच टाकले आहे. नकाशात जागा नसेल तर गाडी पदपथावर येणार, त्यात नवल ते काय.

तिसरा बचाव मात्र खरा आहे, आणि त्याबाबतीत मला आपली मनापासून दया येते. रस्ता आपला, पण पाण्याची वाहिनी पाणीपुरवठ्याची, सांडपाणी मलनिःसारणचे, दिवे विद्युत विभागाचे, केबल महावितरण आणि दूरसंचार कंपन्यांची, वाहतूक पोलिसांची. नगरसेवकांच्या 'स' यादीतून, म्हणजे प्रभागातल्या कामांच्या निधीतून, एखाद्या गल्लीला चांगले ब्लॉक काढून नवे बसवण्याचा मान मिळतो, तो वेगळाच. एवढ्या मालकांमध्ये एक अभियंता काय करणार? बरोबर, पण खोदाईची परवानगी कोण देतो? पथ विभाग. रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क कोण घेतो? पथ विभाग. किल्ली आपल्याच खिशात आहे. दार उघडे कसे राहिले, हे शेजाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही. एका रस्त्याचा भिंतीपासून भिंतीपर्यंतचा, जमिनीखालचा आणि वरचा, एकच मंजूर नकाशा असावा आणि त्यावर नाव असलेल्या एकाच अभियंत्याच्या सहीशिवाय कुदळ लागू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. (काँक्रीट केले की सगळे सुटेल, असे समजणाऱ्यांनी काँक्रीट फोडून टाकलेली जलवाहिनी आणि वर भरलेले डांबराचे ठिगळ एकदा पाहून यावे.)

आपण म्हणाल, एवढे काय बिघडते? ब्लॉक हलतात, लोक सांभाळून चालतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालत होती. हे सगळे मृत्यू पदपथाअभावी झाले असे मी म्हणणार नाही. पण ज्याला पदपथ सोडून गाड्यांमध्ये उतरावे लागते तो कोणत्या बाजूला मोजला जातो, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. म्हणजे खड्ड्याला एक असा दर लागला जो दरसूचीत नाही. न्यायालयाला हे करावे लागले, कारण आपल्या पुस्तकात परिणाम मोजायची सोयच नव्हती.

तरी विनंती की पुढील आर्थिक वर्षापासून मोजमाप पुस्तकात एक रकाना वाढवावा : सलग चालण्याजोगी लांबी. ज्या मीटरमध्ये १.८ मीटर मोकळी रुंदी मिळत नाही, जिथे फाटकासाठी पातळी मोडली आहे, जिथे मधे खांब आहे, तो मीटर बिलात धरू नये; ब्लॉक कितीही बसलेले असोत. उरलेली रक्कम दोन पावसाळे रोखून ठेवावी. नकाशा, ठेकेदार, जबाबदार अभियंता आणि दोषदायित्वाची अखेरची तारीख त्या रस्त्यावरच्या फलकावर मराठीत लावावी. आणि पहिली मोजणी जुलैमध्ये, संध्याकाळी सहाच्या सुमारास, व्हीलचेअरवर बसून आपण स्वतः करावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक पादचारी करदाता